मिल्वॉकीतल्या बिअरवाल्यांच्या बँका: अर्ध्या दिवसाच्या पायी फेरीचं परीक्षण

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या मिल्वॉकीला जाणारा माणूस बिअरची वाट धरतो. जुन्या ब्रूअरी, पाब्स्टचा वाडा, जर्मन खानावळी. शहरही हीच गोष्ट हौसेनं सांगतं. पण लागर बिअर तळघरात महिनोन्महिने मुरत पडते आणि तोवर तिच्यात अडकलेला पैसा कुणीतरी पुरवावा लागतो. तो कुणी पुरवला आणि जर्मन कामगारानं आपली पुंजी कुणाच्या हवाली केली, याचं उत्तर शहराच्या मध्यभागी साधारण दोन किलोमीटरच्या पट्ट्यात उभ्या असलेल्या इमारतींमध्ये आहे. ही फेरी अर्धा दिवस देण्याच्या नक्की लायकीची आहे, मात्र एका अटीवर: ती पूर्वेकडून पश्चिमेकडे करायची. बहुतेक लोक नदीकाठच्या जुन्या सेकंड वॉर्ड सेव्हिंग्ज बँकेपासून सुरुवात करतात, कारण तिथे आता मिल्वॉकी काउंटी हिस्टॉरिकल सोसायटीचं संग्रहालय आहे. तिथून सुरुवात केली तर एक देखणी इमारत बघून झाली, एवढंच पदरात पडतं. ती शेवटी बघितली तर ती का बांधली गेली हे समजतं.

सुरुवात ईस्ट मिशिगन स्ट्रीटवरच्या मिचेल बिल्डिंगपासून करावी. एडवर्ड टाउनसेंड मिक्स या वास्तुकारानं 1876 च्या सुमारास उभारलेली ही फ्रेंच थाटाची, उतरत्या छपराची इमारत. अलेक्झांडर मिचेल स्कॉटिश होता, जर्मन नव्हे, आणि तरीही फेरी त्याच्या दारातून सुरू व्हायला हवी. त्याची संस्था 1839 मध्ये जॉर्ज स्मिथ या दुसऱ्या स्कॉटिश माणसानं काढली. नाव होतं विस्कॉन्सिन मरीन अँड फायर इन्शुरन्स कंपनी. नावात विमा, काम बँकेचं. विस्कॉन्सिनमध्ये तेव्हा बँकांवर लोकांचा इतका राग होता की सनदेत कंपनीला बँकिंगची मनाई केलेली होती, पण ठेवी घ्यायची मुभा होती. स्मिथनं ठेवीच्या पावत्या एक, तीन, पाच डॉलर अशा सुट्या रकमांच्या छापल्या आणि मिल्वॉकीत दाखवाल तेव्हा सोनं-चांदी देऊ असं वचन दिलं. ते वचन पाळलं गेलं, म्हणून लोक त्या पावत्या नोटांसारख्या वापरू लागले. 1850 च्या आसपास अशा सुमारे पंधरा लाख डॉलरच्या पावत्या फिरत होत्या. कायद्यानं जी बँकच नव्हती, तिचा कागद त्या भागात सगळ्यात भरवशाचा मानला जाई. फेरीतला हा पहिला धडा, आणि पुढचं सगळं त्याच्यावरच उभं आहे.

1852 मध्ये मतदारांनी बँकांचा कायदा मंजूर केला. त्याची रचना समजून घेतल्याशिवाय या कोपऱ्यावर पुढे काय घडलं ते कळणार नाही. बँक काढणाऱ्यानं सरकारी रोखे विकत घ्यायचे आणि राज्याच्या बँक-नियंत्रकाकडे तारण ठेवायचे. त्या बदल्यात त्याला छापील नोटा मिळत आणि त्या तो कर्जाऊ देई. म्हणजे एकाच भांडवलावर दोनदा व्याज: एकदा रोख्यांवर, एकदा नोटांच्या कर्जावर. साहजिकच बँकवाले स्वस्तात मिळणारे रोखे शोधत. समजा हजार डॉलरचा सहा टक्क्यांचा रोखा साडेआठशेला मिळाला, तर वर्षाचे साठ डॉलर साडेआठशेवर सुटतात, म्हणजे सात टक्क्यांहून थोडे जास्त. असे स्वस्त रोखे होते मिसुरी, टेनेसी, व्हर्जिनिया अशा दक्षिणेकडच्या राज्यांचे. 1861 मध्ये दक्षिणेची राज्यं अमेरिकेतून फुटण्याचं वारं सुटलं, या रोख्यांचे भाव कोसळले आणि त्यांच्या तारणावर फिरणाऱ्या नोटा संशयात सापडल्या.

मिल्वॉकीच्या बँकवाल्यांनी घबराट थांबवायला ठराविक बँकांच्या नोटा स्वीकारत राहू असं जाहीर केलं. कारखानदारांनी त्या भरवशावर मजुरांना आठवड्याचा पगार त्याच नोटांत दिला. आणि शनिवारच्या पगारानंतर कळलं की यादीतल्या दहा बँकांच्या नोटा ऐनवेळी वगळल्या आहेत. सोमवारी, 24 जून 1861 ला, पश्चिमेकडच्या वस्तीतले जर्मन कामगार बँड वाजवत मिशिगन स्ट्रीटवर आले. मिचेलनं समजूत घालायचा प्रयत्न केला. दगड आले, काचा फुटल्या, बँकेतलं सामान रस्त्यावर आणून पेटवलं गेलं. शेजारच्या स्टेट बँक ऑफ विस्कॉन्सिनचीही तीच गत झाली. शेवटी संगिनी घेतलेल्या सैनिकांनी जमाव पांगवला. तोडगा मोठा हिशेबी निघाला. नुकत्याच सुरू झालेल्या यादवी युद्धासाठी काढलेले विस्कॉन्सिनचे रोखे कुणी घेत नव्हतं. बँकवाल्यांनी तेच घेऊन दक्षिणेच्या रोख्यांच्या जागी तारण ठेवले. राज्याला युद्धाला पैसा मिळाला, नोटांना आधार मिळाला.

मिचेल बिल्डिंग या दंगलीनंतरची आहे, त्यामुळे दंगलीच्या खुणा भिंतींवर शोधू नका. इथे उभं राहून दगडी कामाकडे बघायचं ते वेगळ्या कारणासाठी: ज्या माणसाची बँक एकदा रस्त्यावर जळली, त्यानं पंधरा वर्षांनी केवढी भक्कम इमारत उभारली. दगडानं सगळं काही वाचत नाही, ही गोष्ट वेगळी. मिचेल 1887 मध्ये वारला आणि 1893 च्या मंदीत, 25 जुलैला, याच बँकेनं दारं बंद केली. नंतर ती पुन्हा उघडली.

लागून असलेल्या मॅकी बिल्डिंगमध्ये, म्हणजे 1879 च्या चेंबर ऑफ कॉमर्समध्ये, धान्याच्या सौद्यांचं उंच दालन आहे. यादवी युद्धाच्या काळात मिल्वॉकी गव्हाची प्रचंड मोठी बाजारपेठ होती. या दालनात आत जाता येईलच असं नाही, आधी चौकशी केलेली बरी. नाही जमलं तर हळहळू नका. या फेरीच्या दृष्टीनं ते जोडकाम आहे.

तिथून उत्तरेला वॉटर स्ट्रीटनं विस्कॉन्सिन अॅव्हेन्यूच्या नाक्यावर या. इथे बघायचं ते आता नाही. 1892 मध्ये सोलन बीमननं बांधलेली चौदा मजली पाब्स्ट बिल्डिंग या जागी होती, ती 1981 मध्ये पाडली. 1989 मध्ये झालेल्या नव्या टॉवरच्या माथ्याला मुद्दाम जुन्या जर्मन धाटणीचा आकार दिलेला आहे. लांबून बरा दिसतो, पण भरपाई म्हणावी असा नाही. पाब्स्ट बिल्डिंगमध्ये विस्कॉन्सिन नॅशनल बँक होती आणि तिचा अध्यक्ष होता कॅप्टन फ्रेडरिक पाब्स्ट, बिअरवाला पाब्स्ट तोच. हे नाव लक्षात ठेवा, फेरीच्या शेवटी लागेल.

आता पूल ओलांडायचा. पूल तिरका का, असा प्रश्न पडला पाहिजे. पूर्वेकडचं ज्युनोटाउन आणि पश्चिमेकडचं किलबर्नटाउन ही दोन प्रतिस्पर्धी गावं होती. बायरन किलबर्ननं आपले रस्ते मुद्दाम समोरच्या रस्त्यांशी न जुळणारे आखले. 1845 मध्ये पुलांवरून दोन्ही गावांत मारामाऱ्या झाल्या आणि 1846 मध्ये दोन्ही गावं मिळून एक शहर झालं. रस्ते मात्र जुळले नाहीत, म्हणून पूल आजही नदी तिरपी ओलांडतात. पूर्वेला यँकी आणि स्कॉटिश पैसा, पश्चिमेला जर्मन वस्ती. 1861 चा मोर्चा अशाच एका पुलावरून पश्चिमेकडून पूर्वेकडे आला. आपण उलट चाललो आहोत.

पश्चिम काठावर वेल्स स्ट्रीटला जर्मेनिया बिल्डिंग लागते. जर्मन वृत्तपत्रांचा मोठा प्रकाशक जॉर्ज ब्रुमडर यानं 1896 मध्ये बांधलेली. छपरावरचे तांब्याचे घुमट कैसरच्या, म्हणजे जर्मन सम्राटाच्या, टोकदार शिरस्त्राणासारखे दिसतात आणि लोक त्यांना त्याच नावानं ओळखतात. दारावर जर्मेनिया देवीचा भला मोठा पुतळा होता. 1918 मध्ये, पहिल्या महायुद्धातल्या जर्मनद्वेषाच्या लाटेत, तो काढला गेला आणि इमारत ब्रुमडर बिल्डिंग झाली. जुनं नाव 1980 च्या दशकात परत आलं, पुतळा नाही. आता आत घरं आहेत, त्यामुळे पाहणी बाहेरूनच. घुमट नीट दिसायला रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवर जा. अगदी खाली उभं राहिलं की काहीच दिसत नाही.

त्या एका वर्षात नावं बदलण्याचा रोग देशभर पसरला होता आणि बँका त्यात पुढे होत्या. सिनसिनाटीची जर्मन नॅशनल बँक लिंकन नॅशनल झाली, न्यू यॉर्कची जर्मन सेव्हिंग्ज बँक सेंट्रल सेव्हिंग्ज झाली, तिथलीच जर्मेनिया लाइफ ही विमा कंपनी गार्डियन झाली. बँकेचं नाव म्हणजे ठेवीदाराला दिलेला शब्द. तो शब्द बदलावा लागणं म्हणजे काय, हे पुतळ्याविना उभ्या असलेल्या या दारासमोर जितकं जाणवतं तितकं कुठल्या फलकावर वाचून जाणवणार नाही.

प्लँकिंटन अॅव्हेन्यूनं उत्तरेला गेलं की नदीकाठी पेर मार्केट (Père Marquette) पार्क आणि त्याला लागून फेरीचा गाभा, सेकंड वॉर्ड सेव्हिंग्ज बँक. किर्शहॉफ अँड रोझ या वास्तुकारांनी 1911 ते 1913 मध्ये बांधलेली बो-आर्ट, म्हणजे फ्रेंच अभिजात, शैलीतली इमारत. रस्त्याचं नाव जुन्या नकाशांत थर्ड स्ट्रीट, मग ओल्ड वर्ल्ड थर्ड स्ट्रीट आणि आता डॉ. मार्टिन ल्यूथर किंग ज्युनिअर ड्राइव्ह. जुनी प्रवासपुस्तकं वापरणाऱ्यांचा इथे हमखास गोंधळ होतो.

बँक 1855 ची. सुरुवातीच्या कर्त्यांमध्ये विल्यम जेकब्स हा जर्मन बँकर होता. पुढे तो 26 व्या विस्कॉन्सिन या जर्मनांच्या पलटणीचा कर्नल झाला आणि 1863 मध्ये चान्सलर्सव्हिलच्या लढाईत जखमी झाला. 1866 मध्ये बँकेची पुनर्रचना होऊन ती सेव्हिंग्ज बँक झाली आणि तिच्यामागे ब्रूअरीवाले उभे राहिले: श्लिट्झ, ब्लाट्झ, बेस्ट. लोक तिला बिअरवाल्यांची बँक म्हणत. 1866 हे वर्ष सहज सोडून देण्यासारखं नाही. त्याच वर्षापासून राज्यातल्या बँकांच्या नोटांवर केंद्राचा दहा टक्के कर लागू झाला. नोटा छापून कमावण्याचा धंदा संपला, यापुढे बँक जगणार ती लोकांच्या ठेवींवर. आणि ठेव ठेवणारा माणूस म्हणजे पाच वर्षांपूर्वी दगड घेऊन पूल ओलांडणारा तोच जर्मन कामगार. त्याला कागद नको होता, ओळखीचा माणूस हवा होता. ज्याच्या ब्रूअरीत आपण राबतो, ज्याच्या पिंपातली बिअर पितो, त्याचं नाव बँकेच्या मागे असणं हे तारणच.

ब्रूअरीला बँक का लागते, याचा हिशेब आत जाण्याआधी डोक्यात असू द्या. जव शरदात विकत घ्यायचा. बर्फ जानेवारी-फेब्रुवारीत नदी-तळ्यांतून कापून साठवायचा. लागरचं यीस्ट थंडीत तळाशी राहून सावकाश काम करतं, त्यामुळे बिअर थंड तळघरात महिनोन्महिने ठेवावी लागते. विक्रीचा हंगाम उन्हाळा. म्हणजे खर्च आधी, वसुली निम्म्या वर्षानं. त्यात 1 सप्टेंबर 1862 पासून प्रत्येक बॅरलवर, म्हणजे 31 गॅलनवर, एक डॉलर कर आला. 1866 पासून कराची तिकिटं आधी रोखीनं घ्यायची आणि पिंप बाहेर पडताना त्यावर चिकटवायची अशी पद्धत झाली. वर्षाला लाख बॅरल विकणाऱ्याला लाख डॉलर फक्त तिकिटांसाठी मोजावे लागत, आणि तेही गुत्तेवाल्याकडून दमडी यायच्या आत. गुत्तेवालाही उधारीवर. त्याचा बार, टेबलं, परवाना यांना पैसा अनेकदा ब्रूअरीच पुरवायची आणि बदल्यात तो तिचीच बिअर विकायचा. एवढी साखळी चालवायला शेजारी आपली बँक असणं ही चैन नव्हती.

बँकेआधी हा पैसा यायचा कुठून? घरातून. ऑगस्ट क्रूगच्या ब्रूअरीला 1850 मध्ये बळ मिळालं ते त्याचे वडील जर्मनीहून घेऊन आलेल्या आठशे डॉलरच्या सोन्यामुळे. ते ज्या हेलेना स्लोमन जहाजावर होते ते बुडालं. म्हातारा, त्याचा आठ वर्षांचा नातू ऑगस्ट ऊइहलाइन आणि सोनं वाचलं. क्रूग वारल्यावर त्याच्या हिशेबनिसानं, जोसेफ श्लिट्झनं, कारभार हाती घेतला आणि क्रूगच्या विधवेशी लग्न केलं. ब्लाट्झनंही 1851 मध्ये शेजारच्या ब्रूअरीच्या मालकाच्या विधवेशी लग्न करून दोन्ही धंदे एकत्र केले. पाब्स्ट हा बेस्टचा जावई. श्लिट्झ 1875 मध्ये शिलर जहाजाबरोबर इंग्लंडच्या सिली बेटांजवळ बुडाला आणि धंदा ऊइहलाइन भावांकडे गेला. (मिल्वॉकीत या आडनावाचा उच्चार ‘ईलाइन’ करतात. मार्गदर्शकाला प्रश्न विचारायचा तर हे ठाऊक असावं.) नात्यागोत्यातून फिरणारा पैसा एका पिढीत बँकेच्या खातेवहीत कसा आला, हे त्या काळातल्या जर्मन उद्योगाचं मर्म आहे, आणि शहरातल्या बिअरच्या कथांमध्ये ते नेमकं निसटतं. लग्नांचे किस्से सांगितले जातात, भांडवलाची बाजू कुणी जोडत नाही.

आता आत जा. घाई करू नका. दिवाणखाना शोभावा अशी उंची, संगमरवर, वरून येणारा उजेड. 1913 मध्ये ठेवींना सरकारी विमा नव्हता, तो 1934 पासून आला. तोवर ठेवीदाराला धीर द्यायचं काम इमारतीनंच करायचं. मिचेल बिल्डिंग डोळ्यांसमोर आणून दोन्हींची तुलना करा: तिथे मालकाचा रुबाब आधी जाणवतो, इथे ठेवीदाराच्या मनातल्या भीतीचा विचार केलेला दिसतो. खिडकीपाशी उभ्या असलेल्या माणसाला आपण छोट्या पुंजीचे म्हणून लहान वाटू नये, अशी ही खोली आहे. संग्रहालयातली दालनं बदलत असतात, त्यामुळे अमुकच मांडणी दिसेल असं सांगण्यात अर्थ नाही. वास्तू मात्र तीच आहे, आणि जुनी तिजोरी बघायला मिळत असेल तर ती चुकवू नका.

संशोधनासाठी येणाऱ्यांना एक सूचना. इथल्या ग्रंथालयाला भेट द्यायची तर वेळ आधी ठरवा आणि नाव एकाच स्पेलिंगनं शोधू नका. जर्मन आडनावांतले स्वर अमेरिकेत आल्यावर फिरतात. जुन्या जर्मन छपाईत ‘एस’चं लांब रूप ‘एफ’सारखं दिसतं, त्यामुळे नकलून घेतलेल्या नोंदींत चुका सापडतात. कुर्रेंट हे जुनं जर्मन हस्ताक्षर वाचता येत नसेल तर मुळाक्षरांचा तक्ता बरोबर ठेवा. बँकेच्या नोंदी मिळाल्या नाहीत तर नागरिकत्वाच्या नोंदी, शहराच्या पत्ता-पुस्तिका आणि गहाणखतं बघा. गहाणखतात कर्ज देणाऱ्याचं नाव असतं, आणि तिथून बँकेचा माग लागतो.

नोव्हेंबर ते मार्च नदीकाठचा वारा फार झोंबतो. त्या दिवसांत मिशिगन स्ट्रीट ते वेल्स स्ट्रीट हा भाग पटकन उरकून संग्रहालयात जास्त वेळ द्यावा. मुलं बरोबर असतील तर 1861 ची दंगल आणि शिरस्त्राणांचे घुमट त्यांना आवडतील, रोख्यांचा हिशेब नाही. ज्यांना फक्त वास्तुकला बघायची आहे त्यांनी हीच फेरी दोन तासांत करावी. फोटो काढायचे तर मिचेल बिल्डिंग सकाळी.

पोटपूजेसाठी लांब जायला नको. याच रस्त्यावर उत्तरेला 1880 पासूनचं युसिंगरचं सॉसेजचं दुकान आहे आणि 1902 पासूनची मेडर्स ही खानावळ. एक गल्ली पश्चिमेला टर्नर हॉल, हेन्री कोखनं 1882 च्या सुमारास बांधलेला. संस्था 1853 ची, व्यायाम, वाचन आणि राजकारण एकत्र करणाऱ्या जर्मन मंडळींची. दहा मिनिटं पुरतात.

सेकंड वॉर्ड सेव्हिंग्ज बँकेचं पुढे काय झालं ते या फेरीतल्या कुठल्याच इमारतीवर वाचायला मिळत नाही. 1919 मध्ये कॅप्टन पाब्स्टची विस्कॉन्सिन नॅशनल आणि फर्स्ट नॅशनल एकत्र येऊन फर्स्ट विस्कॉन्सिन झाली. तेव्हा दारूबंदी दारात उभी होती. 1928 मध्ये सेकंड वॉर्डही तिच्यात विलीन झाली. आयुष्यभर एकमेकांची गिऱ्हाइकं पळवणाऱ्या पाब्स्ट आणि श्लिट्झ यांचा पैसा असा एका छपराखाली आला. सेकंड वॉर्डची इमारत 1965 मध्ये काउंटीला मिळाली. फर्स्ट विस्कॉन्सिननं 1973 मध्ये विस्कॉन्सिन अॅव्हेन्यूच्या पूर्व टोकाला, मिशिगन तळ्याजवळ, बेचाळीस मजल्यांचा टॉवर उभारला. आज तो यू.एस. बँकेच्या नावानं ओळखला जातो आणि विस्कॉन्सिनमधली सगळ्यात उंच इमारत आहे. पायात त्राण उरलं असेल तर परत पूल ओलांडून तिथवर चालत जा.